चुंबकाची गादी

सासुरवाडी घरापासून किती अंतरावर असावी, या प्रश्नाकडे शास्त्रज्ञांनी द्यावं तितकं लक्ष दिलेलं नाही. आमची सासुरवाडी सांगलीला आणि आम्ही साताऱ्याला. मध्ये सव्वाशे किलोमीटर. लग्न ठरलं तेव्हा वडील म्हणाले होते, "अंतर बेताचं आहे. उगीच कोणी येणार नाही, आणि अडीनडीला बोलावलं तर जेवायच्या वेळेला पोचेल." वडिलांचे बहुतेक अंदाज बरोबर यायचे. हा तेवढा निम्माच आला. जेवायच्या वेळेला पोचतात, हे खरं. पण बोलवावं लागत नाही.

गेल्या उन्हाळ्यात असेच माझे मेव्हणे आले. हिचे धाकटे भाऊ. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ते दर वर्षी जगाच्या कल्याणाचा एक नवा मार्ग शोधून काढतात आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणून आमच्याकडे येतात. एके वर्षी कोरफडीचा रस होता, एके वर्षी तांब्याचा तांब्या होता. या खेपेला टेम्पो होता. टेम्पोतून दोन माणसांनी एक गादी उतरवली आणि दिवाणखान्यात आडवी केली. मेव्हण्यांनी भडंगाची पिशवी हिच्या हातात दिली आणि घाम पुसत म्हणाले, "दाजी, ताईच्या गुडघ्याचा प्रश्न आजपासून मिटला."

हिच्या गुडघ्याचा प्रश्न हा आमच्या घरातला राष्ट्रीय प्रश्न आहे. उजवा गुडघा. पहिल्यांदा तो फक्त अजिंक्यतारा चढताना दुखायचा, मग पोवई नाक्यापर्यंत जाताना दुखायला लागला आणि आता देवघरात खाली बसायचं म्हटलं की दुखतो. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं होतं, "वंगण संपलंय. सांधा बदलून घ्या." त्या दिवशी घरी आल्यावर ही म्हणाली, "बघू." आणि मीही म्हणालो, "बघू." आमच्या संसारात 'बघू' या शब्दाखाली बऱ्याच गोष्टी कायमच्या पुरलेल्या आहेत.

तर, गादी चुंबकाची होती. मेव्हण्यांनी खिशातून टाचण्यांची डबी काढली आणि अभ्र्यावर टाचण्या सोडल्या. त्या ठिकठिकाणी उभ्या राहिल्या. ही बघतच राहिली. मग व्याख्यान झालं. आपल्या रक्तात लोह असतं. चुंबक लोखंडाला ओढतो. म्हणजे चुंबक रक्ताला ओढतो. रक्त ओढलं की गुडघा सुधारतो. प्रत्येक चुंबकाची शक्ती नऊशे गॉस. किंमत पस्तीस हजार, घरच्या माणसांना बत्तीस.

'गॉस' हा शब्द ऐकला आणि माझ्या आत पन्नास वर्षं झोपलेला कोणीतरी उठून बसला.

वाचकहो, मी बी. एस्सी. आहे. फिजिक्स घेऊन. हे मी सहसा कोणाला सांगत नाही, कारण पुढची पस्तीस वर्षं मी विम्याच्या कचेरीत काढली आणि तिथे फिजिक्सचा उपयोग फक्त पंखा कुठे लागतो हे हेरून त्याखाली बसण्यापुरता झाला. पण एकोणीसशे शहात्तरच्या आसपास सांगलीत एका कॉलेजात मी खरोखरच चुंबकत्व शिकलो होतो. शिकवायला एक तरुण सर होते. खादीचा शर्ट, खडूने पांढरी झालेली बाही, आणि कोणीही काहीही सांगितलं की एकच प्रश्न: "मोजलंस का?"

प्रयोगशाळेत 'डिफ्लेक्शन मॅग्नेटोमीटर' नावाचं एक यंत्र असे. नाव भारी, ऐवज साधा. एक लांब लाकडी पट्टी, मधोमध होकायंत्राची डबी. पट्टीवर पट्टीचुंबक ठेवायचा, सुई किती अंशांनी वळते ते लिहायचं, चुंबक लांब सरकवायचा, पुन्हा लिहायचं. माझी वाचनं काही केल्या जुळेनात. मग मी सगळे विद्यार्थी करतात तेच केलं. वरच्या वर्गातल्या एका मुलाची जर्नल आणली आणि त्याची वाचनं सुवाच्य अक्षरात उतरवून काढली. आठ दिवसांनी जर्नल परत आली. खाली लाल शाईत एकच ओळ होती: "तुझ्या टेबलाखाली लोखंडी स्टूल होतं. तरी वाचनं इतकी बरोबर कशी?"

सर मला त्यावरून एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. ती ओळ मात्र माझ्या पोटात राहिली. पुढे तोंडी परीक्षेतही त्यांनीच विचारलं, "चुंबकाच्या पोटात एच कुठल्या दिशेला असतो?" मी म्हणालो, "सर, पोटात सुई कशी घालणार?" शेजारचे बाहेरचे परीक्षक हसले. सर हसले नाहीत.

त्यामुळे नऊशे गॉसची गादी दिवाणखान्यात पसरलेली पाहिल्यावर मला वाटलं, हे देवानंच माझ्यासाठी धाडलेलं प्रॅक्टिकल आहे. मेव्हणे जेवून, बत्तीस हजार घेऊन गेले. त्या रात्री मी नातीची वही-पेन्सिल घेतली, कपाटाच्या तळातून जुनं पुस्तक काढलं, चष्मा पुसला आणि बसलो.

आता तुम्ही पान उलटण्याआधी एक सांगतो. यातलं मर्म फार सोपं आहे. एकसारखा चुंबकित झालेला पदार्थ म्हणजे एस. टी. स्टँडवरची रांग समजा. साताऱ्याच्या स्टँडवरची नव्हे. तिथे घोळका असतो. कल्पनेतली, शिस्तीची रांग. प्रत्येक माणसाचं तोंड पुढच्याच्या पाठीला. तोंड म्हणजे उत्तर ध्रुव, पाठ म्हणजे दक्षिण. आतल्या प्रत्येक तोंडापुढे एक पाठ असते, त्यामुळे मधल्या मंडळींचा हिशेब आपसांतच मिटतो. बाहेरच्याला शिल्लक दिसतं ते काय? रांगेच्या पुढच्या टोकाचं एक तोंड आणि मागच्या टोकाची एक पाठ. म्हणजे अख्ख्या चुंबकाच्या पोटातली भानगड बघायचं कारणच नाही. दोन टोकांच्या पृष्ठभागांवर ध्रुव पसरलेत असं धरायचं आणि हिशेब करायचा. पॅरिसच्या प्वासाँ नावाच्या गणितज्ञानं १८२४ साली ही युक्ती मांडली. म्हणजे इकडे साताऱ्याच्या गादीवर छत्रपती प्रतापसिंह महाराज होते तेव्हा. साताऱ्याच्या गादीचा आणि चुंबकाचा संबंध असा जुना आहे.

मी गादीच्या कोपऱ्यातली शिवण हळूच उसवून एक चुंबक मोजला. चपटी काळी चकती, दोन सेंटिमीटर व्यासाची, अर्धा सेंटिमीटर जाड. असले फेराइटचे चुंबक असतात त्याप्रमाणे आकडे घातले. चकतीला अगदी चिकटून: सुमारे नऊशे गॉस. म्हणजे पत्रक खोटं बोलत नव्हतं. मला मनातून वाईटच वाटलं. मग एक सेंटिमीटर वर: अडीचशे. पाच सेंटिमीटर वर, म्हणजे फोम ओलांडून गादीच्या पाठीवर: साडेसहा. आणि हिच्या गुडघ्याखाली दुलईची वळकटी असते, ती धरून दहा सेंटिमीटर: एक गॉसहूनही किंचित कमी.

नऊशेचा एक! अंतर दुप्पट झालं की क्षेत्र आठव्या हिश्शावर. अंतराच्या घनाच्या हिशेबाने ते ओसरतं. शिवाय शेजारच्या चकत्या उलटसुलट लावलेल्या, त्या एकमेकींचं उरलंसुरलंही खातात. आणि आपल्या पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र आमच्या भागात सुमारे शून्य पूर्णांक चार गॉस आहे. ते गुडघ्याला जन्मापासून रात्रंदिवस फुकट मिळतं. म्हणजे बत्तीस हजारांत आम्ही फार तर दुसरी एक-दोन पृथ्व्या विकत घेतल्या होत्या. मला असंही वाटून गेलं की सृष्टीत सगळ्याच गोष्टी घनाने ओसरत असत्या तर सव्वाशे किलोमीटरवरच्या सासुरवाडीचा साताऱ्यात मागमूसही लागला नसता.

राहिला रक्तातल्या लोहाचा मुद्दा. ते लोह खिळ्यासारखं नसतं. हिमोग्लोबिनमध्ये एकेका अणूने बांधून ठेवलेलं असतं. प्राणवायू घेतलेलं रक्त चुंबकापासून अगदी किंचित दूरच सरकतं. पॉलिंग आणि कोरिएल यांनी १९३६ साली हे दाखवून दिलं. एम. आर. आय.च्या यंत्रात पंधरा हजार गॉसमध्ये माणसाला आडवं घालतात, तरी त्याचं रक्त काही एका बाजूला गोळा होत नाही.

सकाळी चहाच्या वेळी मी वही घेऊन हिच्यासमोर उभा राहिलो आणि निकाल वाचून दाखवला. पुराव्यानिशी. दशांशचिन्हांसह. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं."

"बरं काय? गादीचा काही उपयोग नाही, हे गणितानं सिद्ध झालंय."

"ऐकलं ना मी. साखर हवीय का अजून?"

घरात कदर होत नसली की माणूस बाहेर जातो. मी सांगलीला गेलो. सर आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत आणि गणपतीच्या देवळाच्या बाजूला राहतात, हे मला मेव्हण्यांकडूनच कळलं होतं. कंदी पेढ्यांचा पुडा आणि वही घेऊन मी कराड-इस्लामपूर मार्गे गेलो. वाटेत आयर्विन पुलावर गाडी अडली तेव्हा पोटात तोच जुना गोळा आला. अडुसष्टाव्या वर्षी जर्नल तपासून घ्यायला निघालेला इसम त्या पुलावर १९२९ पासून, म्हणजे तो बांधल्यापासून, बहुधा पहिलाच असावा.

सरांनी ओळखलं नाही. साहजिक आहे. पण वही हातात दिल्यावर त्यांची पाठ एकदम ताठ झाली. भिंग घेऊन त्यांनी एकेक ओळ वाचली. पंधरा मिनिटं. माझ्या तळहातांना घाम.

"गणित बरोबर आहे," ते म्हणाले. "आता सांग. गादी बनवणाऱ्याने तुकडे कशाला लावले? सबंध गादीच एकसारखी चुंबकित का नाही केली? चांगली जाडजूड, भिंतीपासून भिंतीपर्यंत?"

"मग क्षेत्र खूप वाढेल, सर."

"तुझी रांग आठव की. वरच्या पृष्ठभागावर सगळी तोंडं, खालच्या पृष्ठभागावर सगळ्या पाठी. दोन्ही थर अमर्याद पसरलेले. वरचा जेवढं ढकलतो तेवढंच खालचा ओढतो. बाहेर काय उरेल?"

मी बोटांनी हवेत दोन थर काढले. "शून्य?"

"शून्य! फक्त कडेला काय ते थोडं. जितकी मोठी आणि एकसारखी गादी, तितकी ती निकामी." सर खुशीत आले. मग त्यांनी काठीनं फरशीवर ठोकलं. "तू मुळात बत्तीस हजार का घातलेस? तू जन्मापासून चुंबकाच्या गादीवरच झोपतोयस."

आणि मग, पन्नास वर्षांनंतर, मला तो तास पुन्हा मिळाला. हा आपला काळा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतलेला लाव्हा. त्यात लोहाच्या खनिजांचे कण असतात. लाव्हा थंड होताना ते कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेनं चुंबकित होतात आणि तसेच राहतात. पाच लाख चौरस किलोमीटरची गादी, घाटाच्या बाजूला दोनेक किलोमीटर जाड! महाबळेश्वरचा डोंगर खालून वर मोजत गेलं तर खालच्या थरांत दिशा आजच्या उलट आणि अगदी वरच्यांत आजच्यासारखी. म्हणजे लाव्हा ओतला जात असतानाच पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटे झाले. क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स या लंडनच्या मंडळींनी १९५६ साली इथल्या कातळाची मोजमापं प्रसिद्ध केली, पुढे मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटनेही केली. त्यावरून कळलं की तो लाव्हा थंड झाला तेव्हा हा देश विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. दगडातलं चुंबकत्व मोजून देशाचा प्रवास सापडला! १९०४ साली ट्रामच्या विजेच्या धास्तीनं कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली, तेव्हा बांधकामासाठी चुंबकीय नसलेला दगड मुद्दाम निवडावा लागला. आपला काळा दगड भरवशाचा नव्हता.

"आणि एवढ्या गादीवर राहून," सर म्हणाले, "सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत गुडघे दुखायचे थांबलेत का?"

मी हसलो. सरही हसले. मग म्हणाले, "चुंबकाच्या पोटात एच कुठल्या दिशेला?"

"उलट, सर. बी सरळ, एच उलट. दोन्ही टोकांचे ध्रुव आतल्या बाजूला उलटंच ढकलतात." हे उत्तर द्यायला मला पन्नास वर्षं लागली.

"शाबास." सरांनी वही मिटून माझ्या हातात दिली. "आणि वाचनं कुठायत?"

"वाचनं?"

"हे सगळं गणित झालं. मोजलंस का?"

मी खाली मान घातली. सर काही बोलले नाहीत. पेढा तेवढा खाल्ला.

साताऱ्याला परतलो तो रात्र झाली होती. नातीनं सांगितलं, "आजोबा, मोबाईलमध्येच असतो की चुंबकमापी. होकायंत्र चालतं ते कशावर?" तिनं तो चालू करून दिला. अंगणात आकडा आला बेचाळीस मायक्रोटेस्ला, म्हणजे शून्य पूर्णांक बेचाळीस गॉस. पृथ्वी बरोबर होती. मग मी आत गेलो. ही गादीवर पडली होती. तिच्या गुडघ्याशी मोबाईल धरला. सव्वाशे. एक वीत सरकवला. साठ. पलंगाच्या कडेला, जिथे एकही चकती नव्हती, तिथे सत्तर! मी चक्रावलो. वही आपटली. पुन्हा धरला. पुन्हा सत्तर.

"काय झालं?" ही म्हणाली.

"जुळत नाही गं. गणितात कडेला काहीच यायला नको."

"पलंग लोखंडी आहे ना आपला," ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघत राहिलो. पन्नास वर्षांपूर्वी ही माझ्या शेजारच्या टेबलावर असती तर माझं आयुष्य वेगळं झालं असतं. मग मी पेन घेतलं आणि आले ते आकडे, न जुळणारे, जसेच्या तसे वहीत लिहिले. खाली लिहिलं: "पलंग लोखंडी." आयुष्यातलं माझं पहिलं खरं प्रॅक्टिकल.

तेवढ्यात ही छताकडे बघत म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, याने काही होणार नाही ते."

"मग बत्तीस हजार?"

"गादी आली, तर चार महिने कोणी ऑपरेशनचं नाव काढणार नाही, म्हणून." थोडं थांबून म्हणाली, "तुम्ही चुंबक मोजत बसलात. मला वाटलं, तुम्हालाही तेच हवंय."

पंखा फिरत होता. मला एकदम जाणवलं की तिचं म्हणणं खरं होतं. दोन वर्षांपूर्वी 'बघू' म्हणताना तिच्या आधी माझे पाय लटपटले होते. तिला भूल देऊन आत नेतील आणि मी बाहेर बाकावर एकटा बसेन, हे चित्र मला बघवत नव्हतं. म्हणून मी मेव्हण्यांना पैसे दिले, वर त्यांनाच खोटं पाडायला रात्रभर गणित केलं, सांगलीला गेलो, देशाचा विषुववृत्तापलीकडून झालेला प्रवास ऐकून आलो. आणि पलंगापासून डॉक्टरांपर्यंतचा प्रवास तेवढा टाळला. दहा सेंटिमीटरवर काय उरतं ते मी काढलं होतं. शेजारी झोपलेल्या माणसाला काय वाटतं, ते मोजलं नव्हतं.

"भीती वाटते?" मी विचारलं.

"तुम्हाला?"

"हो."

"मग जाऊ या," ती म्हणाली. "दोघांनाही वाटतेय, तर एकदाच वाटून संपवू."

दिवाळीनंतर मिरजेला ऑपरेशन झालं. दवाखान्याच्या बाकावर मी एकटा नव्हतो. मेव्हणे दोन डबे, थर्मास आणि बसायला चुंबकाची एक छोटी उशी घेऊन सकाळी सहालाच हजर होते. त्यांनी ती उशी माझ्या पाठीशी लावली. मी पृथ्वीच्या क्षेत्राबद्दल एक शब्दही काढला नाही. चार तास त्यांनी माझा हात धरला होता. त्या चार तासांपुरतं, सासुरवाडी घनाने ओसरत नाही हे किती बरं आहे, ते मला पटलं.

आता ही काठीशिवाय पोवई नाक्यापर्यंत जाते. पहिल्यांदा घरी आली त्या रात्री तिनं हळूच विचारलं, "आत धातू घातलाय म्हणतात. चुंबक चिकटेल का हो मला?"

मी तिला सांगू शकलो असतो की असे सांधे बहुतेक कोबाल्ट-क्रोमच्या मिश्रधातूचे आणि टायटॅनियमचे असतात, मध्ये प्लॅस्टिकची चकती असते, आणि यातलं काहीच चुंबकाला दाद देत नाही. ते पाठच होतं. पण मी गादीतून उसवलेली ती चकती शोधून आणली आणि पट्टी काढलेल्या त्या गुडघ्याजवळ, अलगद, न टेकवता धरली. ओढ काही जाणवली नाही. वहीत लिहिलं: "वाचन: शून्य. मोजून."

गादी अजून घरात आहे. मीच झोपतो तिच्यावर. चुंबकाचं जाऊ द्या. गादी म्हणून ती खरोखर उत्तम आहे.